डबा उद्याही तिथेच असेल
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी टाकलेले जिओकॅशिंगचे फोटो पाहून बऱ्याच जणांनी विचारलं, "हे काय नवीन खूळ?" आता काहीजण नातवंडांना घेऊन जायचं म्हणताहेत. म्हणून खेळ थोडक्यात सांगतो आणि धोका जरा सविस्तर.

2 मे 2000 रोजी अमेरिकेने जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. सामान्य माणसालाही आपली जागा काही मीटरच्या फरकाने कळू लागली. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यात डेव्ह अल्मर यांनी वस्तूंनी भरलेली बादली जंगलात ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. आज जगभर असे डबे लपवलेले आहेत. डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं, तो होता तसा ठेवायचा. आपल्या शिबिरातल्या खजिन्याच्या शोधासारखंच.

जून 2018 मध्ये प्राग शहरात चार खेळाडू असाच डबा शोधायला जमिनीखालच्या बोगद्यात उतरले. वर वादळी पाऊस झाला, आत पाण्याचा लोंढा आला. सगळे परतले नाहीत.

हे परदेशातलं म्हणून सोडून देऊ नका. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात, भुशी धरणाजवळच्या धबधब्यात, एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते डबा शोधत नव्हते, पण पाण्याला त्याचं काय? पाऊस वर डोंगरात पडतो, लोंढा खाली आपल्यापर्यंत येतो. म्हणून पावसाळ्यात ओढा, धबधबा, मोरी, बोगदा इथला डबा शोधायचाच नाही.

प्रत्येक डब्याला 1 ते 5 असे दोन आकडे असतात. एक शोधण्याच्या अवघडपणाचा, दुसरा वाटेचा. मुलांना नेताना दुसरा आधी बघा. वाटेला 5 म्हणजे दोर, होडी असं खास साहित्य लागतं. आणि लक्षात ठेवा, हा आकडा आजचा पाऊस बघून बदलत नाही.

फोनवरचा बाण सरळ रेषेत दाखवतो. मध्ये कडा आहे की विहीर, हे त्याला ठाऊक नसतं. दाट झाडीत आणि अरुंद दरीत तो आणखी चुकतो. डबा जवळ आला की नजर फोनवर खिळते आणि पाय कुठेही पडतो. तिथेच थांबा, फोन खिशात टाका, आधी जमीन बघा. भिंतीच्या कपारीत हात घालण्यापूर्वी काठीने चाचपा. तिथे साप-विंचू असू शकतात.

एकट्याने जाऊ नका. कुठे जातोय आणि किती वाजता परतणार, हे घरी सांगून ठेवा. पाणी, बॅटरी आणि भरपूर चार्ज असलेला फोन जवळ हवा. मदतीसाठी 112 पाठ असू द्या. पण दरीत रेंज मिळेलच असं नाही.

सहलीला दर थांब्यावर सर आपली डोकी मोजायचे, तेव्हा आपण हसायचो. त्या मोजणीमुळे सगळे घरी पोचत होते. आता मोजायची जबाबदारी आपली आहे. नातू म्हणेल, "आजोबा, फक्त दहा पावलं राहिलीत!" तरीही मागे फिरता आलं पाहिजे. डबा उद्याही तिथेच असेल.