जुन्या मोटारीचा डिस्ट्रिब्यूटर

अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक संग्रहालयांत रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्ट ही चिलखती मोटार ठेवलेली आहे. ती जागची हालत नाहीं, म्हणून तिचें म्हातारपण हेंच तिचें भूषण. परंतु त्याच शहरांत एखाद्या घरीं वडिलांनीं घेतलेल्या जुन्या फियाटला अजून घाट चढावयाचा असतो. तिचा डिस्ट्रिब्यूटर झिजला, तर तो दुरुस्त करावा कीं बदलावा, हाच आजचा प्रश्न.

चार सिलिंडरांच्या एंजिनांत डिस्ट्रिब्यूटरचा दांडा एका फेऱ्यांत चार ठिणग्या वांटतो. त्याचा बुश झिजला म्हणजे दांडा डुलतो, पॉइंटांमधील फट बदलत राहते, ठिणगी अवेळीं पडते आणि ऐन चढावर एंजिन कच खातें. परीक्षा सोपी आहे. एंजिन बंद करून, झांकण काढून, दांडा आडवा हालवून पाहावा. तो जाणवण्याइतका हालला, तर नुसते पॉइंट बदलणें व्यर्थ होय. दांडा गुळगुळीत असेल, तर नवा बुश बसवून घ्यावा. दांड्यावर चरे पडले असतील किंवा पॉइंट उघडणारा कॅम झिजला असेल, तर संपूर्ण डिस्ट्रिब्यूटर बदलणेंच शहाणपणाचें. मात्र जुना मोडींत घालूं नये. घराची आठवण जुन्यानें कपाटांत राखावी. घाट नव्यानें चढावा.