मुद्रांकाची सवलत आणि बाँडावरचे घर

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापूस, तूर, वीजबिल असे आपले विषय सोडून घरखरेदीवरच्या मुद्रांकाचे काय घेऊन बसलात, असे बैठकीआधी दोघातिघांनी विचारले. संभाजीनगरच्या कडेला ज्यांचा एखादा प्लॉट आहे, दोन खोल्या आहेत किंवा घ्यायच्या आहेत त्यांनी हात वर करा म्हटले, तर या मंडपातले निम्मे हात वर येतील. शेती तोट्याची झाली की माणूस पहिले काय करतो? एक पोरगा वाळूजला नाहीतर शेंद्र्याला लावून देतो. पोरगा गेला की त्याच्या डोक्यावर छप्पर लागते. त्या छपरावर सरकार किती घेते, कधी कमी घेते, कधी जास्त घेते आणि त्या कमीजास्तीचा फायदा कोणाच्या पदरात पडतो, हा शेतकऱ्याचाच प्रश्न आहे.

आधी हिशेब मांडू. शहरात, महापालिकेच्या हद्दीत २५ लाखांचा फ्लॅट घेतला. मुद्रांक ५ टक्के आणि स्थानिक संस्थेचा अधिभार १ टक्का, म्हणजे दीड लाख. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. इथे २५ हजार. एकूण पावणेदोन लाख. बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर जीएसटी वेगळा, तो तूर्त सोडून देऊ.

आता बँकेत चला. एवढ्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. पण किंमत कशाला म्हणायचे? रिझर्व्ह बँकेने २०१२ साली सांगून टाकले की मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च किमतीत धरायचा नाही. २०१५ साली १० लाखांपर्यंतच्या घरांना तेवढी मोकळीक दिली. १० लाखांत या शहरात काय मिळते ते तुम्हीच सांगा. म्हणजे किमतीतले अडीच लाख आपले आणि वरचे पावणेदोन लाखही आपलेच, तेही रोख. घराच्या किमतीचा हप्ता वीस वर्षे फेडता येतो, मुद्रांकाचा हप्ता नसतो. पगारदार माणूस ही रक्कम पीएफमधून उचलतो. आपण कुठून उचलतो? म्हैस, सोने, नाहीतर सावकार.

म्हणून मुद्रांकात एक टक्क्याची किरकोळ वाढ किंवा घट, असे कोणी म्हणाले की मी थांबवतो. २५ लाखांवर एक टक्का म्हणजे २५ हजार. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. तो हातात पडला असे धरले, तरी तीन क्विंटलहून जास्त कापूस झाला. कोरडवाहूत कित्येकांचे एकरी उत्पन्न याच्याच आसपास असते. एक टक्का म्हणजे एक एकर, वर्षभराचा.

आता २०२० सालचे आठवा. कोविडने बाजार झोपला होता. २६ ऑगस्टला मंत्रिमंडळाने ठरवले की १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर मुद्रांक ३ टक्क्यांनी कमी, पुढे १ जानेवारी ते ३१ मार्च २०२१ हा २ टक्क्यांनी कमी, आणि १ एप्रिलपासून पुन्हा जैसे थे. २५ लाखांच्या घरावर आधी ७५ हजार वाचले, मग ५० हजार, मग शून्य. डिसेंबरअखेर रजिस्ट्री कार्यालयांपुढे रांगा लागल्या. सरकार म्हणाले, बघा, सवलत यशस्वी.

रांगेत कोण होते ते पाहू. ज्याचे पैसे तयार, कर्ज मंजूर, फ्लॅट ठरलेला. आपल्याकडे सप्टेंबरला पीक उभे असते, ऑक्टोबरला पहिली वेचणी होते, पैसा खरा येतो तो डिसेंबरनंतर. त्या वर्षी तर परतीच्या पावसाने उभे पीक पाण्यात घातले. मोठी सवलत आपला हात रिकामा असताना, आणि हातात चार पैसे आले तेव्हा ती उतरणीला लागलेली. कोणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. पण ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पगाराची तारीख असते, सुगी नसते.

दुसरी गोष्ट. सवलत खरेदी करणाऱ्याला मिळते असे कागद सांगतो. ठिबकचे अनुदान तुम्ही पाहिले आहे. अनुदान जाहीर झाले की दुकानदाराच्या कोटेशनचा आकडा काय करतो? तसेच इथे. बिल्डरला ठाऊक असते की गिऱ्हाईकाचे ७५ हजार वाचणार आहेत आणि ३१ तारखेला सवलत संपणार आहे. घाईत असलेल्या गिऱ्हाईकाला घासाघीस करता येत नाही. इंग्लंडनेही जुलै २०२० मध्ये घरखरेदीच्या मुद्रांकाला अशीच मुदतीची सूट दिली. तिथेही शेवटच्या तारखेला झुंबड उडाली आणि त्याच काळात घरांच्या किमती चढल्या. चढायला इतरही कारणे होती, स्वस्त व्याज हे एक. पण तारखेची सवलत विकणाऱ्याचा हात वर ठेवते, एवढे कुठल्याही मोंढ्यातला आडत्या सांगेल. कर कमी करायचा तर कायमचा करा. चार महिन्यांचा सेल लावू नका.

आणि दर न वाढवताही कर वाढतो, हे ध्यानात ठेवा. मुद्रांक लागतो तो व्यवहाराची किंमत आणि रेडीरेकनरची किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर. रेकनर २०२३ आणि २०२४ या दोन वर्षी हलवला नाही, १ एप्रिल २०२५ ला वाढवला. टक्का तोच, पावती मोठी.

इथे आपल्याच एका सवयीबद्दल बोलतो, रागावू नका. मुद्रांक वाचवायचा म्हणून खरेदीखतात किंमत कमी लिहायची, वरची रक्कम हातात. गावोगाव चालते. पण शेंद्रा-बिडकीन झाले, समृद्धी महामार्ग झाला. भूसंपादनाचा मोबदला कशावरून काढतात? २०१३ च्या कायद्याप्रमाणे एक तर मुद्रांकासाठी ठरलेली किंमत, नाहीतर आसपासच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी वरच्या निम्म्या खतांची सरासरी, यांत जे जास्त असेल ते. खतेच अर्ध्या किमतीची लिहिली असतील तर सरासरी कुठून वर येणार? आपण मुद्रांकाचे दहा-वीस हजार वाचवले आणि शेजाऱ्याच्या मोबदल्यातून एकरी लाखो रुपये कापून दिले. कर जड असला की माणूस खोटे लिहितो, आणि खोटे लिहिले की त्याची किंमत गाव मोजते. त्यात कर लादणाऱ्याचा दोष पहिला. तरी किंमत आपणच मोजतो.

आता मायबहिणींचा विषय. चांदवडला १९८६ साली महिला अधिवेशन झाले आणि पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. ज्या गावात शंभर बायांच्या नावावर जमीन झाली ते लक्ष्मीमुक्तीचे गाव. सरकारला याची आठवण १ एप्रिल २०२१ ला झाली असे म्हणू. बाईच्या नावे घर घेतले तर मुद्रांकात १ टक्का सूट. चांगले झाले. पण अट अशी होती की पंधरा वर्षे ते घर पुरुषाला विकायचे नाही. बाईला मालक करायचे आणि तिच्या मालकीला दावे बांधायचे! ती अट २०२३ साली निघाली. अजून राहिले ते असे: घर एकट्या बाईच्या किंवा बायांच्याच नावे पाहिजे, नवराबायको दोघांच्या नावे घेतले तर सूट नाही. आणि सूट तयार घराला आहे, फ्लॅट, बंगला, रो-हाऊस यांना. मोकळ्या प्लॉटला नाही. आपली माणसे फ्लॅट घेतात की प्लॉट? आधी वीस बाय तीसचा तुकडा, मग पत्रे, मग जमेल तशी भिंत. मोलमजुरीतून प्लॉट घेणाऱ्या बाईला या सवलतीचा एक रुपया मिळत नाही.

वीस बाय तीसवर आलोच आहोत तर मूळ दुखण्याकडे येऊ. या शहराभोवती शंभराहून अधिक गुंठेवारी वसाहती आहेत. तिथली घरे कशावर उभी आहेत? शंभर रुपयांच्या बाँडवर आणि नोटरीच्या शिक्क्यावर. विकणारा शेतकरी, घेणाराही बहुतेक शेतकऱ्याचाच पोरगा. विकणाऱ्याला ले-आऊट मंजूर करून घ्यायची ऐपत नव्हती, घेणाऱ्याला मंजूर ले-आऊटमधला प्लॉट परवडत नव्हता. आणि १९४७ चा तुकडेबंदी कायदा मध्ये उभा. २०२३ साली ठरलेले प्रमाणक्षेत्र धरले तरी जिरायत २० गुंठे आणि बागायत १०. त्याखालच्या तुकड्याची नोंदणी नको, म्हणून बाँड. १२ जुलै २०२१ च्या परिपत्रकाने नोंदणीच्या उरल्यासुरल्या वाटाही बंद केल्या. ते परिपत्रक इथल्याच खंडपीठाने ५ मे २०२२ रोजी रद्द केले, ही आपल्या जिल्ह्याची बातमी आहे, लक्षात ठेवण्यासारखी.

बाँडवाल्याने मुद्रांक बुडवला असे साहेब लोक म्हणतात. अरे, भरायला निघाला होता, खिडकी तुम्ही लावून घेतली! आणि नुकसान कोणाचे झाले? शंभर रुपयांपेक्षा जास्त किमतीची स्थावर मालमत्ता नोंदणीशिवाय विकली जात नाही, हा १८८२ चा कायदा. म्हणजे वीस वर्षे राहूनही तो माणूस कायद्याने मालक नाही. बँक दारात उभी करत नाही. २०२० ची सवलत त्याला नाही, कारण दस्तच नोंदत नाहीत. २०२५ च्या पावसाळ्यात मुकुंदवाडी, पडेगाव-मिटमिट्याकडे रस्ता रुंदीकरणासाठी बुलडोझर फिरले, तेव्हा मोबदला विचारायला गेलेल्याला पहिला प्रश्न कागदाचा झाला.

शिवाय कमी मुद्रांकावर दंड चढतो, महिन्याला २ टक्के, चौपटीपर्यंत. डिसेंबर २०२३ पासून सरकारने अभय योजना काढली, १९८० ते २०२० च्या दस्तांसाठी. काहींनी फायदा घेतला. ती मुदत २०२४ मध्येच संपली. पण त्यातही मेख होती. मुद्रांक भरला म्हणजे नोंदणी झाली असे नाही. दस्त झाल्यापासून चार महिन्यांत नोंदवावा लागतो, फार तर दंड भरून आणखी चार. वीस वर्षांपूर्वीचा बाँड मुद्रांकाने शुद्ध झाला तरी सातबारावर नाव चढत नाही.

आता २०२५ च्या नोव्हेंबरात अध्यादेश निघाला. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले रहिवासी भागातले तुकडे विनाशुल्क नियमित. पूर्वी यासाठी बाजारभावाच्या २५ टक्के मागत होते, २०२४ मध्ये ते ५ वर आणले, आता शून्य. याचे मोकळ्या मनाने स्वागत करतो. गुंठेवारीचा कायदा २००१ सालचा, त्याची तारीख वाढवायला २०२१ उजाडले. त्या मानाने हे लवकरच म्हणायचे. पण ज्यांचा व्यवहार बाँडवर झाला त्यांना मुद्रांक भरून दस्त नोंदवावा लागणार आहे. आणि प्रश्न हाच, की किंमत कोणत्या सालची?

नवे खरेदीखत केले तर मुद्रांक आजच्या रेकनरवर. समजा, १९९८ ला माणसाने ३० हजारांना प्लॉट घेतला, पूर्ण पैसे मोजले. आज रेकनरने तो ९ लाखांचा. ६ टक्क्यांनी ५४ हजार मुद्रांक, ९ हजार नोंदणी. प्लॉटच्या मूळ किमतीच्या दुपटीहून जास्त! किंमत कशाने वाढली? त्यानेच खड्डे बुजवले, नळ आणला, वस्ती वसवली. स्वतःच्या घामाने वाढलेल्या किमतीवर त्याने कर द्यायचा, तोही ज्या खरेदीची नोंदणी सरकारनेच अडवली होती त्या खरेदीवर.

म्हणून या बैठकीपुढे ठराव ठेवतो आहे. बाँडवर जी तारीख आणि जी रक्कम आहे, बाँड अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेला असेल तर त्याच तारखेच्या किमतीवर मुद्रांक घ्यावा, दंड नको. महिलांची १ टक्का सूट प्लॉटला आणि नवराबायकोच्या संयुक्त नावालाही लागू करावी. बाकी दर कमी करायचे ते बारा महिन्यांसाठी आणि सगळ्यांसाठी.

ठरावावर चर्चा होईल ती होईल, पण एक काम कोणाची वाट न बघता करायचे आहे. प्रत्येक गावाने आपल्या बाँडवाल्यांची यादी करावी. बाँडची तारीख, रक्कम, मागच्या बाजूला विक्रेत्याचा शिक्का आहे की नाही, आणि विकणारा हयात आहे का. हयात असेल तर आत्ताच त्याच्याकडे जा. तो गेला की वारसांची सही घ्यावी लागते, आणि आज प्लॉटचा भाव काय चालला आहे ते वारसांना पक्के माहीत असते. यादी पुढच्या महिन्याच्या बैठकीत द्या. सोबत बाँडची झेरॉक्स आणा. मूळ कागद कोणाच्याही हातात देऊ नका, माझ्यासुद्धा.