घराचे ताट आणि घरातील प्रत्येकाचे ताट

(करंजा, ता. उरण येथे कार्यकर्ते व कुटुंबीयांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



द्रोणागिरीच्या पायथ्याशी, कोळीबांधवांच्या या गावात आहारावर बोलायचे म्हणजे धाडसच. एके काळी पनवेल तालुक्यात मोडणाऱ्या या परिसराला समुद्राने मासळी दिली, खाडीने मीठ दिले, खाचरांनी भात दिला. येथे जीवनसत्त्वांची उणीव कशी असेल, असे कुणालाही वाटेल. परंतु वाटणे आणि मोजणे यांत अंतर असते, आणि आजचा विषय ते अंतर हाच आहे.

आहार मोजण्याचे शास्त्र या देशाला नवे नाही. १९१८ साली कुन्नूर येथे बेरीबेरीच्या संशोधनासाठी सुरू झालेल्या लहानशा प्रयोगशाळेतूनच पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली. या संस्थेच्या छत्राखाली १९७२ पासून महाराष्ट्रासह अनेक राज्यांत आहार-पाहण्या झाल्या. सर्वेक्षक घरी जाई, गृहिणीला मागच्या चोवीस तासांत काय शिजले, कुणी किती खाल्ले हे विचारी, ठरावीक मापाच्या वाट्या-पळ्या पुढे ठेवून प्रमाण निश्चित करी. मग खाद्यघटकांच्या तक्त्यांवरून जीवनसत्त्वांचा हिशेब होई. २०१७ च्या तक्त्यांत अशा ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचे पृथक्करण आहे.

मात्र घराच्या हिशेबात एक पळवाट राहते. बैठे काम करणारा प्रौढ पुरुष म्हणजे एक एकक, बाकीचे त्याच्या कमी-अधिक प्रमाणात, असे धरून घरात शिजलेले अन्न वाटून टाकले की कागदावर सर्वांचे पोट भरते. प्रत्यक्षात सर्वांना वाढून झाल्यावर पातेल्याच्या तळाशी उरलेल्या कालवणावर जी भागवते, ती त्या सरासरीत दिसत नाही. चांगली पापलेट-सुरमई बाजारात जाते, घरात राहते ती लहान मासळी. आणि त्यातलाही मोठा वाटा कुणाच्या ताटात पडतो, हे येथील माता-भगिनींना सांगायला नको. म्हणूनच घराचे नव्हे, माणसाचे ताट मोजावे लागते, आणि तेही वयानुसार.

२०१६ ते २०१८ या काळात झालेल्या व्यापक राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाने हे काम केले. जन्मापासून १९ वर्षांपर्यंतच्या मुला-मुलींची पाहणी झाली आणि त्यांतील अनेकांचे रक्तही तपासले गेले. ब-१२ ची उणीव १ ते ४ वर्षांत १४ टक्के, ५ ते ९ वर्षांत १७ टक्के आणि १० ते १९ वर्षांत ३१ टक्के आढळली. फोलेटचे आकडे याच क्रमाने २३, २८ व ३७. ‘ड’ जीवनसत्त्वाचे १४, १८ व २४. वय वाढते तशी उणीव वाढते! आपले सारे लक्ष मात्र अंगणवाडीच्या वजनकाट्यावर, आणि अंगणवाडी सहाव्या वर्षी संपते. ‘अ’ जीवनसत्त्वाचेच पाहा. शासकीय डोस नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दिला जातो. ती उणीव सर्वाधिक, म्हणजे २२ टक्के, आढळली ती डोस संपल्यानंतरच्या ५ ते ९ या वयोगटात.

आता थोडे अप्रिय बोलणे भाग आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास हाती घेतला. त्यांत सुमारे दोन-तृतीयांश गर्भवतींमध्ये ब-१२ कमी आढळले. ज्यांचे फोलेट जास्त पण ब-१२ कमी, अशा मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला शरीराने दाद न देण्याची, म्हणजेच पुढील मधुमेहाची, लक्षणे सर्वाधिक दिसली. ब-१२ वनस्पतींत मिळत नाही. शाकाहार हा अनेक कुटुंबांचा संस्कार आहे आणि तो जपलाच पाहिजे. पण दूध-दही मुलांपुरते ठेवून घरातील मुलगी-सून कोऱ्या चहावर राहत असेल, तर तो संस्कार नव्हे, हेळसांड आहे. तेथे दुधाचा वाटा ठरवून द्यावा, गरजेनुसार वैद्यकीय सल्ल्याने गोळी घ्यावी. त्याने कुणाचे व्रत मोडत नाही.

वृद्धांची कथा याहून दुर्लक्षित. वरील सर्वेक्षण १९ व्या वर्षी थांबते. उतारवयात जठरातील आम्ल घटते, अन्नातले ब-१२ नीट शोषले जात नाही. मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ते आणखी घटू शकते. त्वचेची ‘ड’ जीवनसत्त्व बनविण्याची शक्तीही मंदावते. म्हणजे आजोबांच्या ताटात मासळी असूनही रक्तात उणीव असू शकते. ताटाच्या जोडीला शरीर आणि रक्त मोजावे लागते ते यासाठी. अर्थात प्रयोगशाळांच्या जाहिरातींना भुलून घरादाराची रक्ततपासणी करण्याचे कारण नाही. राष्ट्रीय सर्वेक्षणाने ‘ड’ची उणीव एका मिलिलिटरला १२ नॅनोग्रॅमच्या खाली मानली; बाजारातील अहवाल २० किंवा ३० ची रेषा धरतात, आणि धडधाकट माणूस एका रात्रीत रुग्ण ठरतो.

करंजाच्या युवकांना व भगिनींना हे काम करायचे असेल, तर ऋतूचे भान हवे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ताजी मासळी आटते, सुकट-बोंबलांवर भागते, आणि श्रावणात अनेक घरांत तेही बंद. त्या दिवसांतील चोवीस तासांची नोंद आणि नारळी पौर्णिमेनंतरची नोंद एकाच घराची असूनही दोन निराळ्या गावांची वाटेल. तेव्हा एक फेरी मे महिन्यात, दुसरी बंदीच्या काळात, तिसरी दिवाळीनंतर घ्यावी. प्रत्येक फेरीत एकाआड एक असे दोन दिवस निवडावेत, त्यांत संकष्टी वा लग्नाची पंगत आली तर तशी नोंद करावी. वही घराच्या नावाने नको. लहान मूल, शाळकरी मुलगा, वयात आलेली मुलगी, गर्भवती, आजी, प्रत्येकाचे स्वतंत्र पान; आणि प्रश्न विचारायला भगिनींनीच जावे, दुपारी, घरातील पुरुष बंदरावर असताना.