औषध उपसणारी पेशी

‘औषध लागू पडेना’ हे शब्द मी कर्करोगाच्या वॉर्डाबाहेर ऐकले, तेव्हा नातेवाईक रुग्णबाईच्या पथ्याला बोल लावत होते. त्या बिचारीचा काय दोष? कारण पुष्कळदा पेशीतच असते. १९७६ साली टोरांटोत ज्युलियानो आणि लिंग यांना कोल्चिसीनला न जुमानणाऱ्या हॅमस्टरच्या पेशींच्या आवरणात एक प्रथिन सापडले, पी-ग्लायकोप्रोटीन. पुढे कळले, हा पंपच आहे. आत शिरलेले औषध उपसून बाहेर फेकणारा. आणि नवल असे, की पेशीने कधी न पाहिलेली औषधेसुद्धा! त्याचा जनुक आपल्या निरोगी आतड्यात, यकृतातही विष बाहेर काढायला राबतो. मग तो बंद कसा पाडायचा? व्हेरापामिल देऊन पाहिले, पण लागणारी मात्रा हृदयाला सोसेना.