शब्द ओळखीचे, बोलणे परके
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



या मंगल प्रसंगी आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली. विषय आम्हीच मागून घेतला: इंग्रजीतील नित्याचे वाक्प्रचार आणि ते शिकताना होणारी फजिती. मराठी मंडळाच्या व्यासपीठावर इंग्रजीचे पुराण कशासाठी, अशी शंका कोणाच्या मनात आल्यास ती त्यांनी शेवटपर्यंत जपून ठेवावी, एवढीच विनंती.

आम्ही इंग्रजी शिकलो ते घोकून. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आमच्या घरी पंचांगाशेजारी असे. शब्द पाठ, क्रियापदांची रूपे पाठ. ही शिदोरी बांधून आम्ही नोकरीनिमित्त या शहरी आलो. पहिल्याच महिन्यात वरिष्ठांनी एका प्रकरणावर टिपण मागविले. ते वाचून साहेब म्हणाले, "आय कुडन्ट अग्री मोअर." आमच्या कानांनी 'कुडन्ट अग्री' एवढेच टिपले. आपले मत साहेबांस अमान्य आहे, असे समजून आम्ही रात्र जागून नेमके उलट मताचे टिपण लिहिले आणि सकाळी त्यांच्यापुढे ठेवले. साहेब चकित झाले. "काल तर मी तुमच्याशी पूर्ण सहमत होतो. एका रात्रीत मत का बदलले?" याहून अधिक सहमत होणे शक्य नाही, असा त्या बोलण्याचा अर्थ होता! साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी आम्हांस समोर बसविले आणि तो अर्थ शांतपणे उलगडून सांगितला. श्रोत्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

वाक्प्रचार म्हणजे शब्दांची बेरीज नव्हे, हा धडा आम्ही त्या दिवशी शिकलो. 'पुट' म्हणजे ठेवणे, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणे, 'पुट आउट' म्हणजे विझविणे आणि 'पुट अप विथ' म्हणजे निमूटपणे सोसणे. शिकणारा अडखळतो तो अवघड शब्दांपाशी नव्हे, तर अशा चिमुकल्या, ओळखीच्या शब्दांपाशी. अवघड शब्दासाठी तो कोश उघडतो. ओळखीच्या शब्दाचा त्यास संशयच येत नाही.

त्याहून फसवे ते वाक्प्रचार, जे आपल्यासारखे दिसतात. इंग्रज माणूस पाय ओढतो, तेव्हा तो थट्टा करीत असतो. आपण मराठी माणसे एकमेकांचे पाय ओढतो, तेव्हा काय करतो, ते मंडळाच्या कार्यकर्त्यांस आम्ही सांगावयास नको! एखादी गोष्ट 'चिमूटभर मिठासह' घ्या, असे इंग्रजीत म्हटले, तर तिच्यावर पुरता विश्वास ठेवू नका, असा अर्थ होतो. आपल्याकडे मात्र मीठमिरची लावतो तो सांगणारा. मीठ तेच, तिकडे ते ऐकणाऱ्याच्या हाती, इकडे सांगणाऱ्याच्या!

असे का व्हावे? कारण वाक्प्रचारामागे त्या लोकांचे जगणे उभे असते. इंग्रज दर्यावर्दी, शिडाच्या जहाजावर दोरच दोर. नवख्या खलाशाने प्रथम ते ओळखावयाचे. म्हणून नव्या माणसास काम समजावून देणे, हे त्यांच्या भाषेत 'दोर दाखविणे' झाले. खेळपट्ट्या पावसात उघड्याच राहत, त्या काळी भिजलेली खेळपट्टी उन्हाने वाळू लागली की चेंडू कसाही उसळे. म्हणून बिकट परिस्थितीस 'स्टिकी विकेट' हे नाव मिळाले. न्यूकॅसल हे एके काळी कोळशाचे बंदर होते, तेव्हा तेथे कोळसा नेणे हा निव्वळ खुळेपणा. उत्तरेतील आपले शेजारी हेच 'उलटे बाँस बरेली को' असे म्हणतात. कोळशाच्या जागी बांबू आले, माणसाचा वेडेपणा तोच राहिला. आपल्याकडचा पाऊस मुसळधार. पण ज्याने उखळ-मुसळ पाहिलेच नाही, त्यास ती धार कशी दिसावी?

म्हणून शिकणाऱ्याने शब्दांची चिरफाड करीत बसू नये. कोण, कोणास, कोणत्या प्रसंगी म्हणाला, हे पाहावे. अर्थ न कळल्यास निःसंकोच विचारावे आणि चारदा ऐकल्यावाचून वाक्प्रचार स्वतः वापरू नये. कंपनीच्या लष्करातील अधिकारी मोल्सवर्थ परमुलखातून येऊन मराठी शिकले आणि १८३१ साली त्यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. त्याची १८५७ची दुसरी आवृत्ती आजही चाळली जाते. विचारण्याची लाज धरून असे काम होत नसते.

आता त्या शंकेचे उत्तर. काही वर्षांपूर्वी आपल्याच मंडळात बालनाट्य झाले. आभार मानताना एक मुलगा म्हणाला, "काका हात धुऊन आमच्या मागे लागले, म्हणूनच हे नाटक झाले." सभागृह हास्याने दणाणले. पहिल्या रांगेत बसून सर्वांत मोठ्याने हसलो ते आम्हीच. पुढे त्या मुलाशी बोललो, तेव्हा कळले की 'हात धुऊन' म्हणजे स्वच्छ हातांनी, मनापासून, असा अर्थ त्याने लावला होता. शब्दांची बेरीज त्याने अचूक केली होती. अगदी आम्ही साहेबांच्या वाक्याची केली होती तशीच. तो मुलगा पुन्हा मंडळाच्या व्यासपीठावर आला नाही. आज तो आमच्याशी अदबीने बोलतो, पण इंग्रजीत.

परक्या भाषेत आम्ही चुकलो, तेव्हा एका परक्या माणसाने आम्हांस समोर बसवून शिकविले. आपल्या भाषेत आपला मुलगा चुकला, तेव्हा आम्ही हसलो. ही खंत आजही जात नाही.

बंधुभगिनींनो, येथे जन्मलेल्या आपल्या मुलांनी ना जाते पाहिले, ना मोट पाहिली. पोटात कावळे कोकलतात म्हटले की ती पोटाकडे पाहतात. डोळ्यांत तेल घालावयास सांगितले की डोळे झोंबणार नाहीत का, असे विचारतात. हा त्यांचा अडाणीपणा नव्हे. शिकणाऱ्याचा तो पहिला, प्रामाणिक प्रश्न आहे. त्यास उत्तर द्यावे. म्हण सांगावी, तिच्यामागची गोष्ट सांगावी आणि ती घरात रोज बोलावी. मूल चुकले, तर त्यास जवळ बसवावे.

पन्नास वर्षांत मंडळाने वास्तू उभी केली, उत्सव साजरे केले. पुढील पन्नास वर्षांसाठी आमचे मागणे अगदी लहान आहे. या सभागृहात मोडकेतोडके मराठी बोलणाऱ्यास कोणी हसू नये. त्याची सुरुवात पहिल्या रांगेपासून व्हावी.