भूगोलाचा तो तास



शाळेतील एखादी आठवण सांगावी, असा मला आदेश आहे. शाळेत शिकलेले पुष्कळसे मी विसरलो; परंतु ३० सप्टेंबर १९९३, गुरुवार, हा दिवस विसरलो नाही. मी तेव्हा इथेच किनवटला सातवीत होतो.

आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झाले होते. सकाळी प्रार्थनेनंतर आम्हाला रांगेतच थांबविले आणि सांगण्यात आले की, पहाटे लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत मोठा भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली. आम्ही दोन मिनिटे स्तब्ध उभे राहिलो. खरे सांगतो, मला तेव्हा दुःख झाले नाही. शाळा लवकर सुटेल का, एवढेच मनात आले. थोड्या वेळाने आमच्या वर्गातील एका मुलीचे वडील तिला न्यायला आले. तिचे आजोळ औसा तालुक्यातले. ती घाईत गेली, दप्तर बाकावरच राहिले. मग वर्गात कोणी बोलेना.

पुढचा तास भूगोलाचा होता. दख्खनचे पठार कठीण खडकाचे, स्थिर आहे, कोयनेचा १९६७ चा भूकंप सोडला तर इकडे भीती नाही, असे गुरुजींनी आम्हाला शिकविले होते. त्या दिवशी ते खुर्चीवर बसलेच नाहीत. म्हणाले, "पोरांनो, मी शिकवलं ते चुकलं. मलाही तसंच शिकवलं होतं." शिक्षक आपली चूक कबूल करतात, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले. पुढे समजले की, जाणकारही त्या भागाला सर्वांत कमी धोक्याचा मानत होते. भूकंपाच्या नकाशातला तो पहिला पट्टा २००२ साली काढूनच टाकला गेला.

नंतरच्या आठवड्यात गुरुजींनी विचारले, "माणसं कशानं मेली?" आम्ही एका सुरात म्हणालो, "भूकंपानं." ते म्हणाले, "नाही, घरानं." जाडजूड भिंती दगडामातीच्या, वर लाकडावर मातीचा जड थर दिलेले माळवद. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ते सारे झोपलेल्या माणसांवर कोसळले. आठ ते दहा हजार जीव गेले. हलक्या छपराच्या झोपडीतले मात्र अनेकजण वाचले. माझे घर कुडाचे होते. मित्राला घरी आणायची मला लाज वाटे. ती लाज त्या तासाला गेली.

मित्रहो, गोष्ट इथे संपत नाही. मोठेपणी मी पुनर्वसनाची माहिती वाचली. नव्या गावठाणात घरे जमिनीच्या मापाने मिळाली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्याहून अधिक असलेल्यांना ७५०. धरणीने हादरा देताना सातबारा पाहिला नव्हता. घर देताना तो पाहिला गेला. ज्यांच्या घरात जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबणारी माणसे, त्यांच्या वाट्याला सर्वांत लहान घर आले.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे दोन शब्द. दुःखाची बातमी ऐकून दोन मिनिटे उभे राहा, पण तेवढ्यावर थांबू नका. हे कशामुळे झाले, ते विचारा. नंतर कोणाला काय मिळाले, तेही विचारा. उद्या तुमच्या घरी बांधकाम निघेल तेव्हा गवंड्याला विचारा की, भिंतीत आरपार दगड घातले का, दारा-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना सलग सिमेंट-लोखंडाचा पट्टा फिरविला का. या प्रश्नांनी माणसे वाचतात.

आमची ती वर्गमैत्रीण दिवाळीनंतर परत आली. तिचे दप्तर गुरुजींनी कपाटात जपून ठेवले होते. आजोळाबद्दल तिला कोणी काही विचारले नाही, आणि तिने सांगितले नाही. तिला विचारायला हवे होते, असे मला आजही वाटते.

जय भीम!