समुद्रकाठचा राणीचा वाडा

श्रोतेहो, जुना वाडा पाहायला गेलेला माणूस बहुधा मान वर करून चालतो. हंड्या, झुंबरे, रंगवलेले छत. पाहावेच ते. पण इतिहासाची गोडी असेल, तर आणखी एक खोड लावून घ्यावी. दिसते ती वस्तू खरोखर कशाची आहे आणि कोणाच्या हातची आहे, हे विचारायची. ही खोड बरोबर घेऊन आपण आज इंग्लंडमधल्या एका घरात जाऊ.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत वाइट नावाचे बेट आहे. दरबारी गडबडीपासून दूर, मुलाबाळांत राहता यावे म्हणून व्हिक्टोरिया राणी व तिचे पती अल्बर्ट यांनी 1845 साली तिथे ऑस्बर्नची जागा घेतली. समोरचा समुद्र पाहून अल्बर्टना नेपल्सच्या उपसागराची आठवण होई. तेव्हा टॉमस क्युबिट या लंडनच्या नामांकित ठेकेदाराला हाताशी धरून त्यांनी इटालियन धाटणीचे, उंच मनोऱ्यांचे घर उठवले. 1851 पर्यंत काम पुरे झाले. भिंती पाहून तुम्ही म्हणाल, काय घडीव दगड आहे! दगड नव्हेच तो. आत वीट, वरून सिमेंटचा गिलावा.

बागेत एक लाकडी घर आहे, स्विस कॉटेज म्हणतात त्याला. राणीच्या नऊ मुलांसाठी ते बांधले. गुरुजनहो, हे तुम्हाला आवडेल. तिथे मुले स्वयंपाक शिकत. प्रत्येकाचा स्वतःचा वाफा, स्वतःच्या नावाच्या अक्षरांची खुरपी-फावडी. पिकलेली भाजी बाजारभावाने विकत घ्यायची कोणी? तर वडिलांनी! आपल्याकडे मूलोद्योगाची चर्चा सुरू झाली ती पुढे किती वर्षांनी. मात्र हेही ध्यानात असू द्या, की त्याच काळी त्याच देशात त्याच वयाची गरिबांची मुले कापडगिरण्यांत राबत होती. त्यांना शिकण्यासाठी कोणी वाफा आखून दिला नव्हता.

अल्बर्ट 1861 साली वारले. राणीने 22 जानेवारी 1901 रोजी याच घरात डोळे मिटले. तिच्या मुलाने, सातव्या एडवर्डने, 1902 साली घर राष्ट्राला देऊन टाकले. राजघराण्याच्या खाजगी खोल्या लोकांना खुल्या झाल्या त्या मात्र 1954 मध्ये.

आता या घरातल्या दरबार दालनात चला. राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणवीत असे, पण इकडे ती कधीच आली नाही. 1890 च्या सुमारास तिने हिंदुस्थानच तिकडे बांधून घेतला म्हणा ना! महिरपी, जाळ्या, गणपती, चुलाण्यावर पिसारा फुलवलेला मोर. हस्तिदंतात कोरल्यासारखे सारे दिसते. आपली खोड विसरू नका. हे आहे प्लास्टर आणि कागदाचा लगदा. आणि हात? लाहोरच्या कलाशाळेत शिकलेले भाई रामसिंग. त्यांचे गुरू लॉकवुड किपलिंग यांची देखरेख होती. हेच किपलिंग आधी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवीत. मुंबईला गेलात तर क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरची कोरीव दगडी चित्रे जरूर पाहा, ती त्यांचीच.

दालनाकडे नेणाऱ्या बोळात चित्रे टांगली आहेत. सारे चेहरे आपल्याकडचे. रूडॉल्फ स्वोबोडा या ऑस्ट्रियन चित्रकाराने राणीच्या सांगण्यावरून ती काढली. त्यांतली काही माणसे 1886 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात आलेली होती. गालिचे विणणारे, भांडी घडवणारे हे पिढीजात गावकारागीर आहेत, असे तिथल्या लोकांना वाटले. वस्तुस्थिती अशी, की त्यांतले बहुतेक आग्र्याच्या तुरुंगातले कैदी होते. कसब तुरुंगातच शिकलेले. आणणारा साहेबही त्याच तुरुंगाचा अधीक्षक.

म्हणजे भिंत दगडाची नव्हे, हस्तिदंत हस्तिदंत नव्हे, आणि गावकारागीर म्हणून दाखवलेली माणसे गावातून आलेली नव्हेत. पण चेहरे मात्र खरे आहेत. त्यांत बक्षीराम नावाचा एक म्हातारा कुंभार आहे. त्याचे वय 102 सांगत. पांढरी दाढी, आणि चित्रापलीकडे कुठेतरी पाहणारे डोळे. त्या बोळात लोक दालनाच्या ओढीने झपझप पुढे जातात. तुम्ही गेलात तर या म्हाताऱ्यापाशी जरा थांबा.